टूल ओरडतं तेव्हा ऐकायचं कुणाचं?

पळस्पे फाट्यावरून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात कोन येतं. एक्स्प्रेसवेच्या गाड्या, न्हावाशेव्याकडचे कंटेनर आणि सावळ्याच्या रस्त्याने रसायनी-पाताळगंगेकडे वळणारी वाहनं, या सगळ्यांची इथे गाठ पडते. गिरणी कामगारांसाठी २०१६ च्या डिसेंबरात सोडत निघाली, तिच्यातली दोन हजार चारशेहून जास्त घरं याच गावातली. १६० चौरस फुटांच्या दोन खोल्या जोडून एक घर. माझ्या मामाला त्यातलं एक लागलं. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर ज्याचं नाव होतं, तो पात्र. मामाचं नाव मेकॅनिक खात्यात होतं, टर्नर म्हणून. त्याच महिन्याच्या १८ तारखेला संप सुरू झाला. गिरणी गेल्यावर मामाने पुढची वर्षं कुर्ल्याच्या एका गाळ्यात हरिहरच्या किर्लोस्कर लेथवर काढली. सोडतीनंतर करोना आला, इमारती विलगीकरणासाठी घेतल्या गेल्या, आणि किल्ली हातात येईपर्यंत मामा सत्तरीला टेकला होता.

मी तळोज्याच्या एका कारखान्यात प्रोसेस इंजिनिअर आहे. पंप आणि व्हॉल्व्हचे सुटे भाग आम्ही सीएनसीवर करतो. मामा आणि मी एकाच धंद्यातली माणसं, पण आमचं एका गोष्टीवर कधी जमलं नाही. ती गोष्ट म्हणजे चॅटर. धातू कापताना टूल आणि जॉब एकमेकांवर थरथरायला लागतात. आधी गुणगुण ऐकू येते, मग कर्कश आवाज चढतो. जॉबवर पट्टे उमटतात, इन्सर्टची धार टवके जाऊन तुटते. शॉपमध्ये एवढंच म्हणतात : टूल ओरडतंय. ते ओरडलं की काय करायचं, यावर एका रविवारी दुपारी आमचं जे बोलणं झालं ते इथे देते आहे.

मी : मामा, सेकंड शिफ्टच्या ऑपरेटरने पुन्हा तेच केलं. बोरिंगला स्पिंडलचा नॉब पन्नास टक्क्यांवर. बावीस मिनिटांचा नग चाळीस मिनिटांत काढतो.

मामा : का केलं, ते विचारलंस त्याला?

मी : चॅटर येतो म्हणाला.

मामा : मग बरोबर केलं त्याने. टूल ओरडायला लागलं की पहिलं स्पीड उतरवायचं, फीड जरा चढवायचं. आम्हाला मिस्त्रींनी पहिल्या आठवड्यात शिकवलं ते हे. उतरवल्यावर चॅटर गेला ना?

मी : गेला.

मामा : मग भांडण कसलं?

मी : अठरा मिनिटांचं. पाळीला बारा नग निघतात, तिथे एकवीस निघाले असते.

मामा : बरं. नग वाया गेला तर कुणाच्या नावावर लागतो?

मी : ऑपरेटरच्या.

मामा : आणि ही अठरा मिनिटं?

मी : ती कुणाच्याच नावावर लागत नाहीत.

मामा : मग तू त्याच्या जागी काय केलं असतंस, सांग.

हे मला दोन वर्षांत सुचलं नव्हतं. आमच्याकडे रिजेक्शनचा तक्ता आहे, त्यावर ऑपरेटरचं नाव येतं. उतरवलेल्या नॉबचा तक्ता नाही. म्हणजे कंपनाची किंमत आम्ही रोज मोजतो आहोत, फक्त ती लिहीत नाही. तरी मी माघार घेतली नाही, कारण माझं म्हणणं वेगळं होतं.

मी : पण मामा, स्पीड उतरवणं हा उपाय नाही, तो आडोसा आहे. स्पीड उतरवल्यावर चॅटर का दबतो माहीत आहे? जॉबवर उमटणाऱ्या लाटा आखूड होतात. टूलच्या धारेखालची बाजू त्या लाटांवर घासते आणि ती घासच थरथर खाऊन टाकते. म्हणजे धार झिजवून शांतता विकत घ्यायची.

मामा : कारण तू सांगितलंस ते आज कळलं. पण गोष्ट आम्ही पाहिलेली होती. ताजं घासलेलं टूल जास्त ओरडतं. मिस्त्री नव्या धारेवर तेलदगडाचा एकच हलका हात द्यायचे. कोरी धार मारली की आवाज बसायचा. त्याला काय म्हणतात ते त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. अडलं का कुठे?

मी : अडलं. तुम्ही गिरणीतून गेलात तेव्हा तो तेलदगडाचा हातही गेला. कुठे लिहिलेला नव्हता.

मामा यावर काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने वेगळाच प्रश्न काढला.

मामा : मला सांग, ते सुरू कसं होतं? मशीन तेच, टूल तेच, कट तोच. नऊ इंच छान जातो आणि दहाव्या इंचाला एकदम पेटतो. बाहेरून कुणी काही केलेलं नसतं.

या प्रश्नाने मोठमोठ्यांना छळलं आहे. फ्रेडरिक टेलरने सव्वीस वर्षं धातू कापण्याचे प्रयोग करून १९०६ मध्ये अमेरिकेच्या मेकॅनिकल इंजिनिअरांपुढे त्यांचा अहवाल मांडला. टर्नरपुढच्या सगळ्या अडचणींत चॅटर ही सर्वांत अंधारातली अडचण, असं त्यात त्याने कबूल केलं होतं. मी हे मामाला सांगितलं.

मामा : टेलर? घड्याळ घेऊन कामगाराच्या डोक्यावर उभा राहायचा, तो?

मी : तोच. आणि तुम्ही जन्मभर जे हायस्पीडचं टूल घासलंत, ते स्टीलही त्याने आणि माउन्सेल व्हाइटने मिळून शोधलं. १९०० च्या आसपास.

मामा : असं? मग घड्याळाबद्दल माफी नाही, पण टूलबद्दल राम राम.

मी : तर सुरू कसं होतं. संगमेश्वरकडचा आपल्या वाडीचा रस्ता आठवा, डांबर पडायच्या आधीचा.

मामा : लाल मातीचा. पट्टे पट्टे पडायचे आडवे. एसटी आली की सगळी हाडं वाजायची.

मी : ते पट्टे कुणी पाडले?

मामा : गाड्यांनीच. एखादा दगड असतो, चाक त्यावरून उडतं आणि पुढे आपटतं, तिथे खळगा पडतो. दुसऱ्या गाडीचं चाक त्याच खळग्यातून उडतं आणि आणखी पुढे आपटतं. दोन महिन्यांत सगळा रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा.

मी : चॅटर हाच. एका फेऱ्यात टूल केसभर हललं आणि जॉबवर बारीक लाट उमटली. पुढच्या फेऱ्यात टूल त्याच लाटेवरून जातं. माथ्यावर चिप जाड, दरीत पातळ. चिपची जाडी बदलली की जोर बदलतो, जोर बदलला की टूल पुन्हा हलतं आणि नवी लाट पाडतं. ही नवी लाट जुन्या लाटेशी जुळून पडली तर चिपची जाडी सगळीकडे सारखी राहते आणि थरथर मरते. ती पुढेमागे सरकून पडली तर दर फेऱ्याला वाढत जाते. १९५८ मध्ये इंग्लंडमधल्या टोबायसने आणि त्याच सुमारास प्रागच्या ट्लुस्टीने हे गणितात बसवलं. बाहेरून कुणी काही करावं लागत नाही. मोटर देते ती सरळ ताकदच थरथरीत वळते.

मामा : सारंगीसारखं. गज एका संथ ओढीने जातो, तार मात्र सूर धरते.

हा दाखला माझ्या कोणत्याही पुस्तकात नाही. सारंगीच्या तारेचं यंत्र आणि लेथच्या चॅटरचं यंत्र एक नाही, तिथे गज चिकटतो आणि सुटतो. पण दोन्हींचा गाभा तोच. हलवणारा हात संथ असतो आणि हलणारी वस्तू स्वतःचा सूर स्वतः निवडते.

मामा : म्हणूनच स्पीड बदललं तरी चॅटरचा सूर बदलत नाही.

मी : हे तुम्हाला कुठून माहीत?

मामा : कानाला. आवाज आला की मी आधी स्पीड थोडं बदलून बघायचो. स्पीडबरोबर आवाजही वरखाली झाला तर दोष फिरणाऱ्या वस्तूत. जॉब वाकडा बसलाय, चकात तोल गेलाय, गिअरचा दात खाल्लाय, पट्ट्याचा जोड उडतोय. स्पीड बदललं आणि आवाजाचा सूर तोच राहिला तर तो चॅटर. मग दोष शोधायचा अंगात. टूलच्या, बारच्या, नाहीतर जॉबच्या.

कंपनाच्या कोणत्याही प्रशिक्षणात पहिला तास याच भेदाला जातो. एक लादलेलं कंपन, दुसरं स्वतःहून पेटलेलं. पहिल्यावर इलाज म्हणजे तोल साधणं, बेअरिंग बदलणं, मशीनचा पाया पाहणं. दुसऱ्यावर इलाज म्हणजे ताठरपणा वाढवणं, कंपन शोषून घेणं किंवा स्पीड नेमकं निवडणं. रोग ओळखण्याआधी औषध दिलं तर दोन्ही वाया जातात. आमच्याकडे एका मशीनखाली नव्याने काँक्रीट भरलं होतं आणि खरा दोष बारमध्ये निघाला. मामाने तो एका नॉबवर ओळखला असता.

लादलेलं कंपन गिरणीतल्या माणसाला शिकवावं लागत नाही. शेकडो माग एकदम चालले की धोट्याच्या ठोक्यांनी जमीन हलते. म्हणून साचा खातं बहुधा जमिनीलगत असायचं आणि वरच्या मजल्यांवर सूतकताई. मेकॅनिक खात्यातला लेथ साचा खात्याच्या भिंतीला लागून होता. मामा सांगतो, बारीक फिनिशचा कट जेवणाच्या सुट्टीत घ्यायचा, माग थांबलेले असताना.

मग तो आमच्या बोरिंगकडे वळला.

मामा : बार केवढ्याचा?

मी : बत्तीस मिलिमीटर. स्टीलचा.

मामा : बाहेर किती?

मी : एकशे ब्याण्णव. म्हणजे व्यासाच्या सहापट. स्टीलचा बार चारपटीपर्यंत धड चालतो. कार्बाइडचा साधारण सहापटीपर्यंत, कारण तो स्टीलच्या जवळजवळ तिप्पट ताठ असतो. त्यापुढे आतून कंपन शोषणारा बार लागतो. तो मी मागितलाय. किंमत ऐकून मालक म्हणाले, सध्या नॉब उतरवूनच चालवा.

मामा : बोअर खोल किती?

मी : एकशे पासष्ट.

मामा : मग ब्याण्णव कशाला?

मी : तसाच बांधलेला आहे.

मामा : बोअरचा व्यास?

मी : पासष्ट.

मामा : पासष्टच्या भोकात बत्तीसचा बार? चिपला वाट सोडूनही चाळीसचा आरामात जातो.

मी : टरेटच्या होल्डरचं भोक चाळीसचंच आहे. आत बत्तीसची स्लीव्ह घातलेली आहे.

मामा : कुणी घातली?

मी : आधीच्या कुठल्यातरी लहान बोअरच्या जॉबसाठी. नंतर काढायची राहिली.

मामा उठला आणि चहा ठेवायला गेला. मी तिथेच बसून हिशेब केला. बार पुढे जितका लांब, तितका तो झुकतो, आणि झुकणं लांबीच्या घनाने वाढतं. एकशे ब्याण्णवचा एकशे बाहत्तर केला तर ताठरपणा १.३९ पट. व्यासाचा हिशेब तर चौथ्या घाताचा आहे. बत्तीसचा चाळीस केला तर २.४४ पट. दोन्ही मिळून ३.४ पट. महागडं काही विकत घ्यायचं नाही, फक्त स्लीव्ह काढून चाळीसचा साधा बार लावायचा. कार्बाइडचा महागडा बार त्याच बत्तीसच्या जागी घेतला असता तर तिपटीच्या आतच मिळालं असतं.

मी सॉफ्टवेअर मागितलं होतं, बार मागितला होता, कंपन मोजायचा सेन्सर मागितला होता. स्लीव्हकडे पाहिलं नव्हतं. आणि एक सांगायला हवं. मामानेही हे कानाने शोधलं नाही, प्रश्न विचारून शोधलं. बार किती बाहेर, बोअर केवढा, भोक केवढं. हे तिन्ही आकडेच आहेत.

मामा : टूलचं टोक केवढं गोल?

मी : इन्सर्टचा नोज रेडियस शून्य पॉइंट आठ. शेवटचा कट पाव मिलिमीटरचा.

मामा : कट टोकापेक्षा लहान. म्हणजे सगळा जोर बारला बाजूला ढकलायला. आम्ही फिनिशला टोक बारीक घासायचो, कापणारी कड जॉबला काटकोनात ठेवायचो, जोर बारच्या लांबीत गेला पाहिजे म्हणून. लांबीत बार दगडासारखा ताठ असतो.

मी : बरोबर. शून्य पॉइंट चारचा इन्सर्ट घेते. पण टोक बारीक केलं की फिनिश खरबरीत होतो. फीड थोडं कमी करावं लागेल.

मामा : कर. दोन मिनिटं जातील. अठरा वाचतील.

इथपर्यंत मामाची सरशी होती. पण मिलिंगवर आमचं जे वाजलं, त्यात मी एक पाऊलही मागे घेणार नाही.

मी : मागच्या महिन्यात चार फ्लूटच्या एंडमिलने खिसा मारताना पाच हजार आरपीएमला चॅटर येत होता. ऑपरेटरने चार हजार आठशे केलं, मग चार हजार चारशे. फरक नाही. मी मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून त्याच्यातला मुख्य सूर मोजला. आठशे हर्ट्झच्या जवळ. मग स्पीड सहा हजार केलं.

मामा : चढवलंस?

मी : चढवलं. आणि शांत झालं.

मामा : एखाद्या जॉबवर झालं असेल.

मी : योगायोग नाही, मामा, हिशेब आहे. टूल सेकंदाला आठशे वेळा हलतंय. चार दात आहेत. सहा हजाराला सेकंदाला शंभर फेरे, म्हणजे चारशे दात लागतात. आठशेला चारशेने भागलं तर दोन. एका दाताने सोडलेल्या बरोबर दोन पुऱ्या लाटांवर पुढचा दात येतो. लाट लाटेवर बसते, चिपची जाडी सारखी राहते. पाच हजाराला तीनशे तेहतीस दात. भागाकार दोन पॉइंट चार. तिथे लाट लाटेवर बसत नाही, म्हणून पेटतं.

मामा : म्हणजे चार हजारालाही शांत झालं असतं?

मी : झालं असतं. तिथे भागाकार तीन येतो. ऑपरेटर चार हजार चारशेवर थांबला. तेवढ्यात शांत जागा सापडत नाही. आणि या शांत जागा खालच्या स्पीडला अरुंद आणि दाटीत असतात, वरच्या स्पीडला रुंद. वर जितकं जाल तितकी जागा मोठी, आणि तिथे कटही जास्त खोल घेता येतो. उतरवणं हीच एक वाट माहीत असलेला माणूस या जागांपर्यंत कधी पोचत नाही. आठशे हा आकडा अगदी नेमका नसतो, चॅटरचा सूर टूलच्या मूळ सुरापेक्षा थोडा वर असतो, म्हणून थोडं मागेपुढे करून पाहावं लागतं. पण दिशा कळते.

मामा : रिंगफ्रेमच्या चात्यांना असं असायचं. मशीन सुरू होताना मध्येच एका स्पीडला सगळी फ्रेम थरथरायची आणि त्याच्या वर गेली की लोण्यासारखी चालायची.

मी : ते पहिल्या जातीचं, लादलेलं कंपन. फिरण्याचा ठेका आणि मशीनचा सूर एक झाला की हलायचं. माझं दुसऱ्या जातीचं आहे. खरं तर उलटं. फिरण्याचा ठेका आणि टूलचा सूर मुद्दाम जुळवायचे, म्हणजे चॅटर मरतो.

मामा : हे मी डोळ्याने बघितल्याशिवाय मानणार नाही.

मी : या मग तळोज्याला.

मामाला आवडली ती शोषून घेणाऱ्या बारची गोष्ट. त्याच्या पोटात टंगस्टनसारख्या जड धातूचा गोळा रबराच्या कड्यांवर तेलात तरंगत असतो. बार एकीकडे झुकला की गोळा मागे राहून दुसरीकडे ओढतो आणि हालचालीची ताकद तेलात, रबरात उष्णता होऊन जिरते. जहाजांचं कंपन शमवायला जर्मनीच्या हरमान फ्रामने १९०९ मध्ये या तत्त्वाचं पेटंट मागितलं. तैपेईच्या १०१ मजली इमारतीत ६६० टनांचा गोळा टांगलेला आहे, वादळात झोके जिरवायला. मामा ऐकत राहिला आणि म्हणाला, गिरणीत त्यांनी पोकळ पाइपाचा बार केला होता, त्यात शिशाचे छर्रे ठासायच्या ऐवजी जरा सैल भरले होते. सैलच का, असं मी विचारलं. ठासले की ओरडायचा, सैल ठेवले की गप्प व्हायचा, एवढंच उत्तर. छर्रे एकमेकांवर आपटतात आणि आपटण्यात ताकद संपते, हे आज आपण पुस्तकात वाचतो. पातळ भिंतीचा ड्रम टर्न करताना बाहेरून सायकलची ट्यूब ताणून गुंडाळायची, हीही युक्ती त्याचीच. ब्रेकड्रमच्या लेथबरोबर तयार रबरी पट्टा मिळतो, तो दुसरं काय करतो?

लेथचा बेड बिडाचा का असतो, हेही याच रांगेतलं. बिडात ग्राफाइटच्या पापड्या पसरलेल्या असतात, त्या कंपन खातात. बिडाच्या तुकड्यावर हातोडी मारा, ठप्प वाजतं. स्टीलवर मारा, घुमत राहतं. कोल्हापूरच्या फाउंड्रीतल्या कुणालाही हे पोरपणापासून ठाऊक असतं.

संध्याकाळी मी मामाला मिलिंगचं रेकॉर्डिंग ऐकवलं. आधी आठशे हर्ट्झचं. त्याने मान डोलावली. मग दुसरं लावलं, सहा मिलिमीटरच्या एंडमिलचं, चार हजार हर्ट्झच्या आसपासची शीळ. मी फोन त्याच्या कानाजवळ धरला.

मामा : लाव ना.

मी : लागलाय, मामा.

त्याला ते ऐकू आलं नाही. आवाज पूर्ण ठेवला तरी नाही. गोंगाटात काम केलेल्या माणसाचा कान पहिल्यांदा जातो तो नेमका चार हजार हर्ट्झच्या आसपास. साचा खात्यातली माणसं पाळीभर हातवाऱ्यांनी आणि ओठांवरून बोलायची. मामाचा लेथ भिंतीच्या अलीकडे होता इतकंच. आठ तासांना ९० डेसिबल ही कारखान्यांना वर्षानुवर्षं घालून दिलेली मर्यादा. चॅटर आला की आवाज मशीनच्या बंद दारातूनही तिच्या वर जाऊ शकतो.

मी : म्हणून म्हणते, कानावर सोडू नका. कान जातो. माणूस निवृत्त होतो. आकडा राहतो.

मामा : आणि मी काय म्हणतो ते ऐक. कान गेला तेव्हा मी बोटं वापरली. टूलपोस्टवर दोन बोटं ठेवली की कळायचं, पेटणार आहे की नाही. आवाज यायच्या आधी कळायचं. तुम्ही मशीनला दार लावलंत, चांगलं केलंत, चिप उडत नाही, हात जात नाही. ऑपरेटरच्या कानात बोळे घातलेत, तेही चांगलं. पण मग मशीनचं कोण ऐकतंय? तुझा सेन्सर बसला का?

मी : नाही अजून.

मामा : मग सध्या कुणीच ऐकत नाहीये.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. माझं मत तरीही मामापासून वेगळंच आहे. नुसत्या अनुभवावर चालणारं शॉप एका माणसाच्या पायांवर उभं असतं आणि तो निघून गेला की त्याचं सगळं शिकणं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. पण आकड्यांवर चालणारं शॉप आकडे घेतच नसेल, तर ते मामाच्या गाळ्यापेक्षाही गरीब आहे. आमच्या प्रोसेस शीटवर स्पीड होतं, फीड होतं, इन्सर्टचा ग्रेड होता. बार किती बाहेर काढायचा, ते नव्हतं. कंपनाच्या हिशेबातल्या सर्वांत जड आकड्यांतला तो एक, आणि तो बांधणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेला होता.

सोमवारी स्लीव्ह काढली. चाळीसचा स्टीलचा बार एकशे बाहत्तरवर बांधला, शून्य पॉइंट चारचा इन्सर्ट लावला, फीड थोडं उतरवलं. सेकंड शिफ्टच्या त्याच ऑपरेटरला मी नॉब शंभरवर ठेवायला सांगितलं आणि दाराशी उभी राहिले. त्याने एक हात दारावर टेकवून ठेवला होता, पत्र्यातून जे कळेल ते कळावं म्हणून. हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. नग चोवीस मिनिटांत निघाला, पट्टे नव्हते.

त्या आठवड्यात शीटवर दोन रकाने वाढवले. पहिला, बार किंवा कटर होल्डरबाहेर किती मिलिमीटर. दुसरा, नॉब उतरवला असल्यास किती आणि का, ऑपरेटरच्या शब्दांत. दुसऱ्या रकान्यात लिहिल्याबद्दल कुणालाही जाब विचारायचा नाही, हे मालकांकडून कबूल करून घेतलं, कारण त्याशिवाय तो रकाना कोराच राहिला असता. पहिल्या दहा दिवसांत त्यात अकरा नोंदी आल्या. त्यातल्या चार मशीनांवर असं होतं, याची मला कल्पनाही नव्हती.

तुमच्या शॉपमध्ये लेथ जुना असो वा सीएनसी, तळोज्याला असो, भोसरीला की शिरोलीला, उद्याची पहिली पाळी सुरू व्हायच्या आधी एकदा होल्डरमधली स्लीव्ह बघा, बार किती बाहेर आहे ते पट्टीने मोजा, आणि नॉब कुणी उतरवला असेल तर ओरडण्याआधी त्याला कारण विचारा.